हेन्रीचा पत्रा

बोर्बाने साखळी ओढायला घेतली तशी नॅडीनने हातातला कॉफीचा कप बाजूच्या पिंपावर ठेवला आणि ती टाकीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. अ‍ॅसिडच्या वासाने डोळे चुरचुरत होते, पण तिने ते पुसले नाहीत.

“मागे हो, बाई,” अव्हेलिनो बोर्बा ओरडला. टाकी त्याची, गोदाम त्याचं, त्यामुळे ओरडायचा हक्कही त्याचाच. “एक शिंतोडा उडाला तर त्या जॅकेटची चाळण होईल.”

“जॅकेटची होऊ दे. आत जे बुडवलंय त्याची झाली म्हणजे मिळवली.”

शेजारी उभे असलेले डॉक्टर व्हेलन मोठ्याने हसले. त्यांना ती थट्टा वाटली. नॅडीनचा नवरा डेल्मर क्रॅब्ट्री मात्र हसला नाही. तो टाकीच्या पलीकडच्या अंगाला, हात काखेत खुपसून, खाली त्या काळपट पाण्याकडे बघत होता. सकाळी त्याने अंड्यांची बशी तशीच पुढे सरकवली होती.

टाकीत बत्तीस सालच्या फोर्डची बॉडी होती. तीन खिडक्यांची, दोन दारांची कूपे. चाकं नाहीत, इंजिन नाही, आत बसायला जागा नाही, नुसतं वरचं पत्र्याचं टरफल. अशा टरफलासाठी बायकोला न सांगता घर गहाण टाकलेले पुरुष टुलारी गावाच्या आसपास काही कमी नाहीत, आणि त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. जुनी गाडी घ्यायची, कापायची, ठोकायची, आत दांडगं इंजिन बसवायचं आणि तिला हॉट रॉड म्हणून रस्त्यावर मिरवायचं, हा त्या खोऱ्यातल्या माणसांचा आज्यापासूनचा नाद. फायबरची बॉडी हवी तर फारसे पैसे पडत नाहीत. नव्या साच्यात दाबलेली पोलादी हवी तर जरा जास्त. पण हेन्रीचा पत्रा, म्हणजे त्या सालात खुद्द हेन्री फोर्डच्या कारखान्यातून निघालेला, हवा असला की विकणारा तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि घेणारा मुकाट्याने देतो. डेल्मरने पंचेचाळीस हजार डॉलर दिले होते. पैसे नॅडीनचे होते. आईच्या माघारी तिच्या वाट्याला आलेली अक्रोडाची बाग विकून आलेले.

तिने ते राजीखुशीने दिले होते, हे सांगायला हवं. जन्मभर अशा गाड्या बांधून देणाऱ्या डेल्मरचे खांदे आता साथ देत नव्हते. अजून एक मोठी गाडी त्याच्या हातून होईल, फार तर दोन. आणि डॉक्टर व्हेलन वॉलनट क्रीकहून स्वतः येऊन म्हणाले होते, पत्रा अस्सल असेल तर बॉडीचे पैसे लगेच, शिवाय पुरी गाडी तुम्हीच बांधायची, म्हणाल ती मजुरी. बॉडी माझ्यासमोर नागडी करा, मी तिथेच चेक फाडतो. बाग परत मिळणार नव्हती, पण तिचे पैसे परत आले असते, आणि नवरा ताठ मानेने दुकान बंद करू शकला असता.

मग मंगळवारी बेकर्सफील्डहून एका जुन्या मित्राचा फोन आला. ओरेगॉनच्या ज्या माणसाकडून डेल्मरने बॉडी घेतली, त्याच्याच दोन ‘जुन्या’ बॉड्या नव्या निघाल्या होत्या. गडी नवा पत्रा मिठाच्या पाण्याने भिजवायचा, हिवाळाभर शेणखतात पुरायचा, वर जुन्या रंगाचे पोपडे चढवायचा. एवढ्यावर थांबला नव्हता. धडधाकट पत्र्यावर जागोजागी लांबीचा लगदा फासायचा, म्हणजे घेणाऱ्याला वाटावं की खाली भोकं बुजवली आहेत.

“तू लोहचुंबक लावून पाहिलं होतंस ना?” नॅडीनने फोन ठेवल्याठेवल्या विचारलं होतं.

“लावलं होतं.”

“मग?”

“मग काय? जिथे लांबी तिथे चिकटलं नाही, जिथे पत्रा तिथे चिकटलं. पत्रा कुठल्या सालचा हे चुंबकाला कळत नाही, नॅडीन.”

या धंद्यातल्या प्रत्येकाच्या खिशात ते चुंबक असतं. लांबीखाली काय दडवलंय, याचीच भीती जन्मभर मनात बसलेली. बॉडी घ्यायला गेला त्या दिवशी डेल्मर गुडघ्यांवर रांगत चुंबक फिरवत राहिला, लांबीचं ठिगळ सापडलं की बॉडी जुनीच म्हणून मनात खूश होत राहिला, आणि दुसरी काही भीती बाळगावी हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी त्याने उभं राहून विचारलं, “हेन्रीचा?” त्या माणसाने हात पुढे केला. डेल्मरने तो धरला. या धंद्यात हीच पावती. ज्याने एकदा हात दिला त्याला कागद मागणं म्हणजे त्याच्या आईला शिवी देणं. मंगळवारपासून त्या माणसाचा फोन लागत नव्हता.

डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. “आधी पाहू तरी,” डेल्मर म्हणाला होता. “दोन खोट्या निघाल्या म्हणून तिसरी खोटी असं थोडंच आहे?” आणि जेवणाच्या टेबलावर त्याने तिला समजावून सांगितलं होतं, स्वतःलाच सांगितल्यासारखं. नव्वद वर्षांची बॉडी, तिच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या असणारच. समजा जन्मभर कोरड्यात राहिली, तरी कोणीतरी आरसा बसवायला भोक पाडलेलं असणार. एरियलसाठी. हीटरच्या नळीसाठी. कोणाच्या तरी पोराने कुंपणावर घातली असणार आणि बापाने शिव्या देत ठोकून सरळ केली असणार. अ‍ॅसिडमध्ये लांबी जाते, रंग जातो, गंज जातो. भोक जात नाही.

म्हणून आज नॅडीन टाकीपुढे उभी राहून देवाकडे गंज मागत होती. याच बाईने तीस वर्षं अंगणात गंजकं भंगार आणून टाकतो म्हणून नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं.

साखळी करकरली. आधी टप वर आला, राखाडी, निथळणारा. टपावर काही नव्हतं, पण टपाचं काय, तिथे पाणी साठत नाही. मग काचांच्या चौकटी. मग दारं.

“अहाहा,” डॉक्टर म्हणाले. “काय रेषा आहे बघा. जन्मभर लोकांचे दात सरळ केले मी, पण इतकं सरळ काही पाहिलं नाही.”

डेल्मर खाली वाकून बॉडीची खालची कड वर यायची वाट बघत होता. नॅडीनने कठडा घट्ट धरला. एक तरी, ती मनात म्हणत होती, एवढंसं असलं तरी चालेल, करंगळी जाईल इतकं.

कड वर आली. पाण्याची धार तिच्यावरून एकसारखी खाली पडली. भोकं असती तर ती मध्येच तुटली असती, फाटली असती. कुठेच फाटली नाही.

बोर्बाने बॉडी बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर उतरवली आणि पाइपने धुतली. सुरुवातीला तो शिट्टी वाजवत होता. मागच्या बाजूला पोचेपर्यंत शिट्टी बंद झाली होती. त्याने पाणी बंद केलं, डेल्मरकडे एकदा पाहिलं आणि पाइप गुंडाळायला लागला. तो पाइप एरवी तो कधी गुंडाळत नसे.

डेल्मर आत शिरला. दाराच्या खांबांवरून, इंजिनामागच्या आडव्या पत्र्यामागून, कडेच्या घडीतून त्याची बोटं सावकाश फिरत होती. नॅडीन बाहेरून फिरली. डाव्या दारावर आरशाचं भोक नाही. उजव्या नाही. एरियलचं नाही. तिने तळवा टेकवून पुरा पत्रा चाचपला. कुठे ठोकल्याची खूण नाही, झाळल्याचा जोड नाही, एक ओरखडा नाही. या गाडीत कोणी कधी बसलंच नव्हतं. कोणी हिच्यात भांडलं नव्हतं, पळून गेलं नव्हतं, कोणाचं पोर आत झोपलं नव्हतं.

“एकही भोक नाही!” डॉक्टर दुसऱ्या बाजूने ओरडले. त्यांचा आनंद अगदी खरा होता. “मिस्टर क्रॅब्ट्री, मला लोकांनी भीती घातली होती. म्हणे, अस्सल बॉडी म्हणजे जाळी निघते, ती भरता भरता जन्म जातो. आणि ही बघा!”

डेल्मर बाहेर आला. दोन दिवसांची दाढी, डोळ्यांखाली काळं. तो बॉडीला टेकून उभा राहिला.

डॉक्टरांनी खिशातून चेकबुक काढलं, ते टपावर ठेवलं आणि पेनाचं टोपण उघडलं. मग काहीतरी आठवल्यासारखं हसले, पेन खाली ठेवलं आणि हात पुढे केला. ही रीत ते डेल्मरकडूनच शिकले होते, आणि तिचा त्यांना मोठा अभिमान होता.

“तर मग, मिस्टर क्रॅब्ट्री. हेन्रीचा?”

डेल्मरने नॅडीनकडे पाहिलं.

एकदा एका गिऱ्हाइकाने कच्चा जोड रंगाखाली दडवून दे म्हटलं, तेव्हा याच माणसाने त्याला चाव्या फेकून दुकानाबाहेर काढलं होतं. त्या महिन्यात त्यांनी रोज बीन्स खाल्ले होते आणि नॅडीनने त्याला जाम बोल लावले होते, पण मनातून तिला तो फार आवडला होता. आता तो तिच्याकडे बघत होता. डॉक्टरांकडे नाही, पत्र्याकडे नाही, तिच्याकडेच. त्या नजरेत सगळी अक्रोडाची बाग होती, आईच्या हातची झाडं, सही करताना तिने एकदाच सुस्कारा टाकला होता तो. त्याने ओला तळवा पँटवर पुसला. पुन्हा पुसला. मग हात पँटपासून सुटला आणि वर यायला लागला.

“नवा आहे,” नॅडीन म्हणाली.

डॉक्टर वळले. “काय?”

“पत्रा. नव्या साच्यातला आहे, हेन्रीचा नाही. आम्हाला फसवलं, डॉक्टर. तुम्ही फसू नका.”

डॉक्टरांचा हात अजून पुढेच होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि डेल्मरला विचारलं, “खरं?”

डेल्मरचा हात अर्ध्यात थांबला होता. त्याने तो खिशात घातला.

“खरं.”

“पण हा इतका चांगला आहे की...”

“म्हणूनच,” बोर्बा कोपऱ्यातून म्हणाला.

डॉक्टर बॉडीकडे वळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टपावरून हात फिरवला, मघाचीच रेषा, पण आता बोटं लवकर उचलली. “मला अस्सल हवा होता,” ते शेवटी म्हणाले, जरा ओशाळून, जणू मागणं त्यांचंच चुकलं होतं. चेकबुक खिशात गेलं. जाताना ते नॅडीनशी हात मिळवून गेले. डेल्मरशी मिळवला नाही. तो विसर पडला की मुद्दाम, हे तिला कळलं नाही.

बोर्बाने आपले पैसे घेतले, एक डॉलरही कमी केला नाही, पण बॉडी ट्रेलरवर चढवायला खांदा लावला आणि खाली आपली स्वतःची जुनी सतरंजी अंथरून दिली. मग तोंडातल्या तोंडात ओरेगॉनच्या त्या माणसाच्या सात पिढ्यांचा पोर्तुगीजमध्ये उद्धार करत तो आत निघून गेला.

गोदामाच्या अंगणात ऊन चढलं होतं. डेल्मर पट्टे बांधायला लागला. नॅडीन दुसऱ्या बाजूने टोकं आकड्यात अडकवून देत होती. पैसे गेल्याचं दुःख तिला अजून झालं नव्हतं. ते पुढे व्हायचं होतं, कराचा कागद आला की, छप्पर गळायला लागलं की. आत्ता तिच्या मनात होता तो फक्त तो वर येणारा हात.

“तुला कोणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?” डेल्मर म्हणाला. तोंड पट्ट्याकडे, पाठ तिच्याकडे.

तिने वाकून जमिनीवर पडलेलं टोक उचललं.

“चारचौघांत. मी काय मुका होतो?”

“नाही.”

“मी सांगणारच होतो त्याला.” त्याने पट्टा खेचला. त्याचे कान लाल झाले होते. “हात मिळवायच्या आधी. सांगणारच होतो.”

पट्ट्याचं दुसरं टोक नॅडीनच्या हातात होतं. तिने ते आकड्यात घातलं, ओढून पाहिलं, नीट बसलंय याची खात्री केली. तिला तो पँटवर पुसलेला हात दिसत होता, पहिल्यांदा पुसलेला, आणि दुसऱ्यांदा.

“हो,” ती म्हणाली. “माहीत आहे मला.”

डेल्मरने मान डोलावली, एकदाच, आणि आधीच घट्ट बसलेला पट्टा आणखी एक पीळ आवळायला घेतला.