अंपायरच्या कमरेचा स्वेटर

माझ्या नवऱ्याने नुकतंच क्रिकेट सोडलं. म्हणजे आधी त्याच्या पाठीने सोडलं आणि मग त्याने जाहीर केलं. निरोपाच्या कार्यक्रमात एका वार्ताहराने विचारलं, की तुमच्या कारकिर्दीला वळण कुठे मिळालं? तर हा घसा खाकरून म्हणतो, "प्रशिक्षकांचं मार्गदर्शन, घरच्यांचा पाठिंबा आणि मेहनत." मी पहिल्या रांगेत बसले होते, मला हसू आवरेना. देशासाठी इतकी वर्षं फास्ट बोलिंग केली, भल्याभल्या फलंदाजांच्या बरगड्या शेकल्या, आणि खरं सांगायची हिंमत नाही. त्याच्या कारकिर्दीला वळण मिळालं ते एका स्वेटरमुळे. तो स्वेटर मी विणला होता, तेव्हा ती गोष्ट सांगायचा हक्कही माझाच.

त्या काळी सगळे त्याला शिडी म्हणायचे. उंच आणि हडकुळा. दारातून जाताना वाकायची इतकी सवय लागलेली, की उघड्या मैदानातही तो जरा वाकूनच चालायचा. डाव्या बुटाच्या टोकाला त्याने कात्रीने भोक पाडलेलं असे, कारण बॉल टाकताना सगळा भार त्या पायावर येतो आणि अंगठा बुटात चेचला जातो. त्या भोकातून मोजा दिसायचा, आणि मोज्यालाही भोक असल्यामुळे त्याच्या आतला काळानिळा अंगठा दिसायचा. मी प्रेमात पडले ती बहुतेक त्या अंगठ्याची दया येऊन. माझ्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला.

माझे बाबा रविवारी क्लबच्या सामन्यांत अंपायर असायचे. बाकीचे दिवस ते सरकारी निरीक्षक, दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासणारे. लोक त्यांना पाठीमागे 'काटा' म्हणत, आणि हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. एकदा फळवाल्याने ओळखीखातर पिशवीत दोन सफरचंदं जास्तीची टाकली, तर बाबा ती परत द्यायला निघाले. आई म्हणाली, "अहो, पोरीने त्यातलं एक खाल्लं." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे कितीतरी दिवस मला सफरचंद गोड लागलं नाही.

अशा माणसाच्या घरात राहून मी एका बॉलरशी चोरून सूत जमवलं होतं. बाबांना सांगायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं. फलंदाजाच्या डोळ्यांत डोळे घालून बाउन्सर टाकणारा शिडी, बाबांचा विषय निघाला की त्याची बोबडी वळायची.

आणि हातात वेळ थोडा होता. त्याच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, की या हंगामात राज्याच्या संघात नाव आलं तर ठीक, नाहीतर मामांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मामा दुसऱ्या गावी, म्हणजे क्रिकेटही गेलं आणि मीही गेले. हंगामातला शेवटचा सामना क्लबांची फायनल होती आणि निवड समितीतले एक गृहस्थ ती बघायला येणार होते. शिडी मला म्हणाला, "त्या दिवशी जमलं नाही तर जन्मभर लोकांना बाथरूमच्या फरश्या दाखवत बसेन." तो हसत म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता.

मी माझ्या परीने काय करणार? थंडीचे दिवस होते. अंग गार पडलं की फास्ट बॉलरचे स्नायू आखडतात, हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याला स्वेटर विणला. बाबांच्या पांढऱ्या स्वेटरची लोकर उरली होती, तीच घेतली. विणकाम मला बरं येतं, पण हाताला एक खोड आहे. खालची पट्टी विणताना दरवेळी कुठेतरी माझे टाके उलटे पडतात आणि तिथे एक वाकडी रेघ उमटते. बाबांच्या प्रत्येक स्वेटरवर ती रेघ आहे. ते म्हणतात, त्यामुळे धोब्याकडे कपडे बदलत नाहीत.

आता आमचा मूर्खपणा बघा. बॉलरच्या हातात बॉल आला, की तो स्वेटर काढतो आणि अंपायरकडे देतो. अंपायर तो कमरेला बांधून षटक संपेपर्यंत सांभाळतो. हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आले. रविवारी संध्याकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना गावभरच्या बॉलरांच्या घामाचा वास यायचा. तरीही स्वेटर विणून, धुऊन, कागदात गुंडाळून शिडीच्या हातात देईपर्यंत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. त्याच्याही आली नाही. आम्ही एकमेकांना अगदी शोभतो.

फायनलच्या दिवशी मी आणि आई धावफलकाशेजारच्या बाकावर बसलो होतो. समोरचा संघ धावांचा पाठलाग करत होता. शिडीच्या कप्तानाने, तो औषधांचा घाऊक व्यापारी होता, बॉल शिडीकडे फेकला. शिडीने स्वेटर काढला, त्याची हळुवार घडी घातली आणि बाबांच्या हातात दिला. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाबा स्वेटर कमरेला बांधता बांधता थांबले. त्यांनी खालची पट्टी बोटांत धरून पाहिली. मग स्वतःच्या अंगातल्या स्वेटरची पट्टी उलटून पाहिली. मग मान वर केली आणि अख्ख्या मैदानावरून नजर फिरवत ती सरळ माझ्यावर आणून ठेवली. मी धावफलकाकडे बघू लागले, जणू कोणी त्यावर माझी तोंडी परीक्षा घेणार होतं.

"आई," मी म्हणाले, "तो स्वेटर..."

"मला कधीचं माहीत आहे," आई म्हणाली. "घरातली लोकर कुठे जाते ते मला कळत नाही होय? पण तू तो त्यांच्याच हातात पोचवलास, धन्य आहे तुझी."

बाबांनी स्वेटरची गाठ मारली. नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट मारली असं मला वाटलं.

थोड्याच वेळात शिडीचा एक बॉल फलंदाजाच्या पॅडवर आदळला. सगळ्यांनी पायचीतचं अपील केलं. बाबांनी मान हलवली, नॉट आउट. असेल, लेगला जात असेल. मग पुढच्या षटकात दुसरा लागला. हा इतका समोर होता, की फलंदाज स्वतःच बॅट काखेत मारून निघाला होता. बाबांनी पुन्हा मान हलवली. फलंदाज ओशाळून परत आला.

"साहेब, अहो त्यालाही आउट वाटलं," कप्तान म्हणाला.

"त्याला वाटलं असेल," बाबा म्हणाले. "मला नाही वाटलं."

हे संवाद मला नंतर कळले, पण बाबांचे कान लाल झालेले मला बाकावरूनही दिसत होते. काय चाललंय ते मी ओळखलं. पोरीने पसंत केलेल्या मुलाला आपण झुकतं माप दिलं असं कोणी म्हणेल, ही त्यांना धास्ती. तिथे कोणाला काही माहीत नव्हतं. पण त्यांना माहीत होतं, तेवढं त्यांना पुरेसं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. तुमच्या या सचोटीपायी त्याचा जन्म फरश्या विकण्यात जाणार आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण स्वेटर मी विणला होता, तेव्हा राग तरी कोणावर काढायचा.

निवड समितीचे गृहस्थ पलीकडे खुर्चीत बसून शेंगदाणे खात होते. डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळे ते सामना बघतायत की झोपलेत हे कळायला मार्ग नव्हता.

कप्तान शिडीला म्हणाला, "तुझ्या या अंपायरचं काही खरं नाही. दुसऱ्या बाजूने टाक."

"वारा पाठीवर घ्यायचा तर हीच बाजू," शिडी म्हणाला. "स्टंपच उडवतो. पडलेल्या स्टंपला कोण नॉट आउट देणार?"

आणि मग तो जो काही सुटला, तसा मी त्याला नंतर परदेशातल्या मोठ्या मैदानांवरही क्वचितच पाहिला. इकडे तिकडे काही नाही, सगळं फलंदाजाच्या बुटाच्या टोकाशी. पहिला यॉर्कर मधला स्टंप घेऊन गेला आणि यष्टिरक्षकाला उडी मारून बाजूला व्हावं लागलं. मग एकाचा ऑफ स्टंप. मग एका लठ्ठ फलंदाजाने पाय वाचवण्यासाठी जो काही नाच केला, त्याने आईसुद्धा हसली. स्टंप उडाला, की बाबा लगबगीने पुढे येऊन तो नीट रोवायचे, बेल्स ठेवायचे. त्यांच्या चालीत हुरूप दिसत होता. काळ्या चष्म्याच्या गृहस्थांनी शेंगदाण्यांची पुडी खाली ठेवली.

शेवटची जोडी मैदानात आली तेव्हा समोरच्या संघाला जिंकायला जेमतेम दोन-तीन धावा हव्या होत्या. शिडी धावत आला. बॉल हवेत आत वळला आणि स्टंपांच्या बरोबर समोर फलंदाजाच्या बुटावर बसला. तिथून तो बाजूला घरंगळला, फलंदाज धावत सुटले, आणि सगळा संघ एकच ओरडला, "फेक, फेक!" कोणीतरी बॉल फेकला, तो स्टंपांपासून हातभर लांबून गेला. धाव पूर्ण झाली. सगळ्यांनी डोकी धरली. शिडीने आकाशाकडे पाहिलं, बॉल घेतला आणि पाठ फिरवून आपल्या खुणेकडे चालू लागला.

पायचीतचं अपील कोणी केलंच नव्हतं. धावबादच्या नादात कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी या अंपायरला विचारून काय मिळणार, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं.

मी मात्र बाबांकडे बघत होते. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर आला होता. मूठ वळलेली आणि तर्जनी तेवढी सुटी. त्यांना आउट द्यायचं होतं. पण क्रिकेटचा नियम असा, की विचारल्याशिवाय अंपायरला आउट देता येत नाही, आणि बॉलर पुढच्या बॉलसाठी धावायला लागला, की विचारायची मुदत संपते. बाबा बिचारे तोंड घट्ट मिटून उभे होते. शिडी खुणेपाशी पोचून वळलाच होता.

मी बाकावर चढून उभी राहिले. "अरे, पायचीतचं विचार की त्यांना!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. आईने माझा पदर खेचला. शिडी जागीच थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तो चालत चालत परत त्यांच्यापाशी आला. एखादा मुलगा हेडमास्तरांसमोर उभा राहतो तसे त्याने हात मागे घेतले.

"काका," तो म्हणाला, "तो आत्ताचा आउट होता का?"

"होता," बाबा म्हणाले, आणि शब्द संपायच्या आत त्यांचं बोट वर गेलं.

समोरच्या संघाने थोडा गोंधळ घातला. बाबा शांतपणे म्हणाले, "याने पुढच्या बॉलसाठी धावायला सुरुवात केली नव्हती. विचारलं, मी सांगितलं." सामना शिडीच्या क्लबने जिंकला. काळ्या चष्म्याचे गृहस्थ शिडीपाशी आले आणि म्हणाले, "यॉर्कर झकास आहेत. अपील मात्र करायला शीक, पोरा. तिथे वर इतकं हळू कोणाला ऐकू जात नाही." पुढच्याच आठवड्यात संघ जाहीर झाला आणि त्यात शिडीचं नाव होतं. मामांना दुकानात दुसरा माणूस बघावा लागला.

त्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या घरी आला. केस ओले करून, चापूनचोपून बसवून. खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि हवामानावर बोलू लागला, मग खेळपट्टीवर, मग आईच्या पडद्यांवर. आई पडद्यांबद्दल उत्तरं देत राहिली. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात त्याला चिमटे काढत होते.

शेवटी बाबाच बोलले. "तुझा तो दुसरा पायचीत आउट होता. मला स्पष्ट दिसत होतं. पण हात वर जाईना. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं आणि मला त्याची लाज वाटते. ते एक तुला सांगायचं होतं." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "आता तुला काही विचारायचं असेल तर विचार. नियम तुला माहीत आहे."

शिडी उभा राहिला. उभं राहून विचारायची गरज नव्हती, पण राहिला. "काका, मला हिच्याशी लग्न करायचं आहे."

"यावर निर्णय मी कसा देणार?" बाबा म्हणाले. "तिला विचार."

त्याने मला विचारलं. मी नुसती मान हलवली, आणि ती उभी हलली की आडवी, हे त्या येड्याने पुन्हा विचारून घेतलं.

"छान झालं," बाबा म्हणाले. "मग आजपासून याच्या कुठल्याही सामन्याला मी अंपायर म्हणून उभा राहणार नाही."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की शिडीला त्यात काही वाटलं नाही. तो आईने आणलेला चहा पिऊ लागला. पण मी बाबांची मुलगी आहे. बॉलर धावत येताना त्याचा श्वास ऐकू येतो, बॉल सुटताना बोटांचा आवाज येतो, अशी जागा मैदानात एकच असते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "बाबा, वाईट वाटतंय का?"

"हो," ते म्हणाले. "फार सुरेख टाकतो गं तो."