घोणस चावल्यानंतर

नवऱ्याला कुवेतला कामावर परतायला चारच दिवस उरले असताना, कलमांखालचं गवत काढणाऱ्या रुबिनाला घोणस चावली. २००२ सालचा ऑक्टोबर होता. तिच्या नवऱ्याने, हाशिमने, मांत्रिकाकडे चला म्हणणाऱ्यांना गप्प केलं, तिला रिक्षात घातलं आणि तासाभरात रत्नागिरीचा दवाखाना गाठला. विषावरची इंजेक्शनं मिळाली. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पेज प्यायली.

तिसऱ्या दिवशी हाशिमने घरी न्यायचा विषय काढला.

"चार-पाच दिवस राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "घोणशीचं विष मूत्रपिंडांना धरतं. लघवी किती होते ते बघायला हवं. रक्तही पुन्हा तपासू."

"परवा माझं विमान आहे. मागे एकटी म्हातारी आई. इथं कोण बसणार?"

स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर त्याने सही केली. रजा वाढवून मागावी, असं त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा रुबिना भिंतीला धरून दारापर्यंत आली. डोळे सुजले होते, चेहरा भरल्यासारखा दिसत होता.

"रडू नको गं. दोन वर्षं अशी जातील."

"रडत नाही मी. कालपासून लघवीच नीट होत नाही. झाली तर थोडीशी, कोऱ्या चहासारखी."

"पाणी पी भरपूर," असं म्हणून तो जीपमध्ये बसला.

सहाव्या दिवशी कुवेतला फोन आला. रुबिनाला धाप लागली म्हणून कोल्हापूरला हलवलं होतं. मिळेल त्या विमानाने हाशिम परतला.

"सूज कधीपासून होती?" तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी निघालो त्या दिवशी होती."

"तेव्हाच आणायला हवं होतं हो. आता दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत."

हाशिम पुन्हा कुवेतला गेला नाही. आठवड्यातून दोनदा एसटीने आंबा घाट चढून दोघं डायलिसिसला जात. रुबिनाने त्याला कधी बोल लावला नाही. शेवटी एकदा गाडीत त्यालाच राहवेना.

"थांबा म्हणाली का नाहीस तू मला?"

"म्हटलं असतं तर थांबला असतात?"

"थांबलो असतो."

बोलतानाच त्याला कळलं, हे खोटं आहे. तिलाही कळलं असावं. तिने डबा उघडला आणि भाकरीचा मोठा तुकडा त्याच्या हातात दिला.

पुढच्या रमजानच्या आधी आठवडाभर ती गेली.