मूसची चव हंडीला विचारा

मी हंडी बोलतेय. बिडाची, जाड बुडाची, झाकणासकट उचलायची तर दोन्ही हात लागतील अशी. माणसं स्वतःबद्दल सांगताना उगाच लाजतात, मला ती सवय नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या या किनाऱ्यावर, हेरिंग आर्म नावाच्या आमच्या चौदा घरांच्या वस्तीत, मूस या रानटी हरणाच्या मांसाची चव माझ्याइतकी कुणालाही कळत नाही. बढाई वाटत असेल तर वाटू दे. पुढचं ऐका आणि मग ठरवा.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला, निवल्यावर ठोकून बाहेर काढलं आणि पिठामिठाच्या पोत्यांबरोबर बोटीत टाकून इथे पाठवलं. केझाया राइडआउट नावाच्या बाईने मला घरी आणलं तेव्हा तिचा हेडली पाळण्यात होता. आज हेडली चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, म्हणजे माझंही वय तुम्हाला कळलं. केझाया मोठी कडक. पहिल्याच आठवड्यात तिने मला डुकराच्या चरबीने माखून भट्टीत भाजलं आणि हिला कुणी साबण लावला तर गाठ माझ्याशी आहे, असं घरात सांगून टाकलं. तिच्या मागे तिची सून, म्हणजे हेडलीची बायको एफी, हिनेही तो नियम मोडला नाही. म्हणून गेल्या चौऱ्याहत्तर वर्षांत जे जे शिजलं, ते माझ्या अंगात मुरलंय.

आणि काय काय शिजलं नाही माझ्यात? सील शिजला. काळाकुट्ट, तेलकट, मासळीच्या वासाचा. आवडणारे बोटं चाटतात, न आवडणारे घराबाहेर जाऊन बसतात. ससा शिजला. चांगला असतो बिचारा, पण कोरडा, चरबी घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. कॅरिबू हरणाचं मांस फार नाजूक धाग्याचं, पण त्याला कलेजीसारखी एक चव असते आणि ती सगळ्यांना झेपत नाही. कोंबडीला तर स्वतःचं असं काही म्हणणंच नाही, ज्याच्याबरोबर शिजवाल त्याची री ओढते. दुकानातलं बीफ गोडसर आणि चरबीने मऊ. पहिला घास छान लागतो, पाचव्या घासाला कंटाळा येतो.

मूसची बातच वेगळी. घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं हे हरण, पण अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. जी थोडी असते ती कापून टाकायची, कारण ती टाळूला मेणासारखी चिकटते. मांस गडद लाल, बीफसारखं भरीव, पण गोडवा कमी, आणि गिळल्यावर मागून रानाचा वास येतो. वर्षभर बर्च झाडाच्या कोवळ्या डहाळ्या आणि तळ्यातल्या वेली खाल्लेलं जनावर ते, वास येणारच. घाई केलीत तर चपलेचा तळ चावाल. कांदा घाला, खारवलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घाला, मंद आचेवर तीन तास माझ्यावर सोडा आणि खुशाल बाहेर जा.

आमच्या वस्तीत एक रीत होती. शिकारीचा परवाना चिठ्ठ्या टाकून मिळतो, कुणाला दर दोन वर्षांनी, कुणाला दहा वर्षांनी. ज्याला मिळेल त्याने मूस मारला की तळहाताएवढा तुकडा आधी हेडलीकडे आणायचा. एफीने तो माझ्यात परतायचा, हेडलीने चाखायचा. हेडली ‘वाटा’ म्हणाला की मग घरोघरी वाटे जायचे, हिवाळ्यासाठी मांसाच्या बरण्या भरल्या जायच्या. नको म्हणाला तर वाटायचं नाही. उगाच नव्हता त्याचा मान. एकदा घास तोंडात टाकून तो एकाला म्हणाला होता, गोळी पहिल्यांदा पायाला लागली आणि तू याला मैलभर पळवलंस. पळालेल्या जनावराचं मांस आंबूस होतं. तो माणूस कानापर्यंत लाल झाला, कारण खरंच तसं घडलं होतं.

तर असा हा हेडली. त्याला गेल्या मार्चमध्ये ताप आला. ताप गेला आणि जाताना त्याच्या जिभेची चवही घेऊन गेला, नाकाचा वासही. त्याने कुणाला सांगितलं नाही. पण माझ्यापासून काय लपणार? एकदा कालवण बुडाशी लागलं, धूर स्वयंपाकघरभर झाला, आणि हा शेजारच्या खुर्चीत मासेमारीचं जाळं विणत शांत बसलेला! मला तेव्हाच कळलं. एफीला वाटलं, म्हातारपणी माणूस आपल्याच तंद्रीत असतो.

ऑक्टोबरात सेल्बी पार्डीला परवाना लागला, आठ वर्षांनी. सेल्बी चाळिशीचा, घरात बायको आणि चार पोरं, सगळी खाणारी. त्याने दांडगा नर पाडला आणि आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं की शनिवारी सभागृहात आख्ख्या वस्तीला माझ्याकडून जेवण. गुरुवारी तो तुकडा घेऊन आमच्याकडे आला.

तुकडा माझ्यात पडला आणि मी मनात म्हटलं, मेले! माजावर आलेला नर. त्या दिवसांत नर खातपीत नाही, स्वतःच्याच मुताने भिजलेल्या चिखलात लोळतो, आणि तो उग्र दर्प मांसात उतरतो. एफीने नाक मुरडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. हेडलीने आधी सेल्बीला सगळं विचारून घेतलं. कुठे मारला, कसा उभा होता, किती गोळ्या लागल्या. सेल्बी म्हणाला, तळ्याकाठी गुमान उभा होता, एका गोळीत आडवा झाला. हेडलीने घास चघळला, मान डोलावली आणि म्हणाला, “वाटा.”

सेल्बी खुशीत गेला. एफी पळी हातात धरून तशीच उभी राहिली. मग माझ्यात उरलेला तुकडा तिने तोंडात घातला आणि लगेच हातात काढून घेतला.  पण पन्नास वर्षांच्या संसारात हेडलीच्या ‘वाटा’पुढे तिने कधी शब्द टाकला नव्हता.

शुक्रवारी दुपारी तिने फ्रीजमधलं दुकानातलं बीफ माझ्यात शिजवलं आणि काही न सांगता ताटात वाढलं. हेडली जेवला. जेवताना म्हणाला की सेल्बीचा मूस शिजवल्यावर आणखी छान लागतोय, रानाची चव कशी अगदी स्वच्छ उतरलीय.

एफीने काटा खाली ठेवला. “हेडली, हे दुकानातलं बीफ आहे.”

त्याने ताट बाजूला सारलं. नंतर म्हणाला, “मार्चपासून. चहा आणि गरम पाणी मला सारखंच.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर या दारात कोण आलं असतं, एफी? ना मला होडी झेपते आता, ना बंदूक. माझ्याकडे एवढं एकच उरलं होतं.”

एफीला रडू आलं. रागही आला होता, पण रडू आधी आलं. तिने डोळे पुसले आणि सांगितलं की ते मांस उद्या सभागृहात गेलं तर लोक तुला तोंडावर काही बोलणार नाहीत, गुपचूप गिळतील, आणि सेल्बीच्या पाठीमागे आठ वर्षं हसतील. तुझी चूक त्याच्या माथी बसेल. हेडली उठला. एवढंच म्हणाला की सेल्बीला इकडे बोलाव, मीच सांगतो.

सेल्बी रक्ताळलेल्या हातांनीच आला. निम्मं मांस कापून झालं होतं. हेडली त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की नर माजावरचा आहे, वाटण्याजोगा नाही.

“पण काका, तुम्हीच ‘वाटा’ म्हणालात.”

“म्हणालो. चघळलं, पण चाखलं नाही. माझी जीभ मेलीय, सेल्बी. मी खोटं बोललो.”

सेल्बी खुर्चीत बसला. मला वाटलं आता हा आरडाओरडा करणार, आणि केला असता तर त्याचं काही चुकलं नसतं. पण तो हातांकडे बघत म्हणाला, “कापताना वास मलाही येत होता, काका. मी म्हटलं, हेडलीकाका म्हणतात म्हणजे माझंच नाक बिघडलंय.”

हे ऐकून हेडलीचा चेहरा जितका उतरला, तितका माझ्या जन्मात मी पाहिला नव्हता.

एफीने मात्र पदरचं शहाणपण बाहेर काढलं. मांस विषारी नाही, म्हणाली, नुसतं उग्र आहे. चरबी आणि पांढरे पापुद्रे सगळे काढून टाक, दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा, आणि मग डुकराचं मांस, मिरी, लसूण घालून सॉसेज भर. भाजून खायला ते कामाचं नाही, पण तुझी पोरं हिवाळाभर उपाशी राहणार नाहीत. शनिवारचं जेवण वस्तीने मिळून केलं. मिठातलं बीफ, कोबी, वाटाणे. माझ्यातच शिजलं, झकास झालं. त्या जेवणात हेडलीने उठून आपली जीभ गेल्याचं सगळ्यांना सांगितलं आणि वर म्हणाला, आता एफीला विचारा. 

पुढच्या आठवड्यात गार्लंड पिन तुकडा घेऊन आला. सवयीने हेडलीच्या खुर्चीकडे निघाला आणि मध्येच थबकला. हेडलीने त्याला बसवलं, शिकारीचं सगळं विचारलं. त्यातलं त्याला अजून कोण मात देणार? चाखलं एफीने. कोवळी मादी होती. एफी म्हणाली, “वाटा,” आणि गार्लंड टोपी घालून गेला. हेडलीही लाकडं फोडायला म्हणून उठला.

“बस,” एफी म्हणाली. तिने माझ्यातला उरलेला तुकडा त्याच्या ताटात वाढला. तो म्हणाला, वाया कशाला घालवतेस, मला पुठ्ठा दिलास तरी तेच. तिने त्याच्याजवळ खुर्ची ओढली.

“चघळ. आधी कांदा लागतोय, कडेला जरा करपलेला, त्यामुळे किंचित कडू. आता खारी चरबी. आता मांस. मऊ आहे, बीफसारखा गोडवा नाही, पण रस भरपूर. थांब, गिळू नकोस. आता मागून बर्च येतोय. हिरवा, थोडा तुरट. आला?”

हेडली डोळे मिटून चघळत होता. “नाही,” तो म्हणाला. “पण तू सांगत राहा.”

तेव्हापासून दुपारचं जेवण असंच चालतं. मी अजून ठणठणीत आहे, एक कान तुटलाय तेवढाच. सगळ्या मांसांच्या चवी मला पाठ आहेत हे खरं, पण ताटाशेजारी बसून घासाघासाला त्या सांगणं मला जमत नाही, आणि तुम्हाला जमतं. तेव्हा एक मागणं आहे. पुढचा घास चांगला लागला तर मुकाट्याने गिळू नका. कसा लागला ते सांगा, मोठ्याने सांगा. शेजारी बसलेल्याला कदाचित तुमच्या सांगण्यातूनच जेवायचं असेल.