वेदांतच्या घरचा लाडू

चर्चच्या शाळेच्या बोर्डावर जायला मी हो म्हटलं, ते निव्वळ पास्टरबाईंचा शब्द मोडवेना म्हणून. मी मूळची नगरची. आमच्या घरात आजोबांपासून रविवारची उपासना कुणी चुकवलेली नाही. अमेरिकेतल्या कॅरीच्या या चर्चमध्ये मात्र मराठी म्हणाल तर आमचं एकच घर. शाळेत आपली मुलं भरपूर, कारण वर्ग लहान आणि शिस्त बरी. पोरं सकाळी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणतात, संध्याकाळी घरी शुभंकरोती म्हणतात, कुणाचं काही बिघडत नाही. पास्टरबाई म्हणाल्या, "नीलांबरी, तुमच्या लोकांपैकी कुणीतरी बोर्डावर हवं." मला वाटलं, छप्पर कुठे गळतंय, नवा झोपाळा कुठे बसवायचा, असलीच कामं असतील.

पहिल्याच मीटिंगला मुलांच्या सुरक्षेचा नियम मताला आला. घरी मुलाला मारतात असा नुसता संशय आला, तरी त्याच दिवशी काउंटीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाच्या इथल्या सरकारी खात्याला कळवायचं. स्वतः शोध लावत बसायचं नाही. मी हात वर केला आणि वर शहाणपणाही शिकवला. म्हटलं, आमच्यातल्या आया तोंडाला येईल ते बोलतात हं. तंगडं मोडीन म्हणतात, सोलून काढीन म्हणतात, फार मनावर घेऊ नका. सगळे हसले. प्रिन्सिपल मिसेस हॅडलीही हसल्या. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आता बोर्डालाही कळलं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात बोर्डाच्या लोकांनी एकेका वर्गात बसून मुलांबरोबर जेवायचं, अशी शाळेची पद्धत. मला दुसरीचा वर्ग मिळाला. त्यात आमचा वेदांत. आमचा म्हणजे मॉरिसव्हिलच्या रेणू आणि देवदत्तचा. या शाळेचं नाव त्यांना मीच सुचवलेलं. देवदत्त म्हणजे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या आधी खुर्च्या उचलणारा, "ताई, तुम्ही बसा हो" म्हणून हातातली ताटं काढून घेणारा माणूस. सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या. मीही दिलाय. रेणू कमी बोलायची. मला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

मी बेसनाचे लाडू करून नेले होते. टीचर मिस टेसा, चोवीस-पंचवीसची गोड पोरगी, तिने आधी विचारलं, यात नट्स आहेत का. होते काजू, आणि ॲलर्जीमुळे शाळेत नट्सना बंदी. डबा मुकाट परत पिशवीत गेला. मी मनात चरफडले, पण नियम आपणच करायचे म्हटल्यावर बोलणार कुणाला?

जेवताना मिस टेसाने मुलांना विचारलं, तुमच्या घरी तुम्हाला खास काय मिळतं? कुणी ॲपल पाय म्हणालं, कुणी आजीचं चिकन म्हणालं. वेदांतची पाळी आली. तो म्हणाला, "माय बाबा गिव्ज मी लाडू."

"अरे वा! कधी, सणाला?"

"नो. व्हेन आय ॲम बॅड."

वर्ग खो खो हसला. मिस टेसाने छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मस्ती केली तरी गोड देतात, किती सुंदर रीत आहे तुमची, म्हणाली. मग तिने वेदांतला विचारलं, लाडूचं नाव काय?

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "धम्मकलाडू," तो म्हणाला. "अँड चापटपोळी."

मीसुद्धा हसले. हसणारच ना. कुठल्या मराठी घरात हे दोन शब्द नाहीत? पाठीत बुक्की म्हणजे लाडू, गालावर चापट म्हणजे पोळी. माझी आजी म्हणायची, मी माझ्या लेकीला, ज्ञानदाला म्हणत आले. "देऊ का एक धम्मकलाडू?" म्हटलं की ती खिदळत सोफ्याभोवती पळायची. घराघरांत नावच तेवढं असतं, मार कुठला असायला. पण वेदांत हसत नव्हता. तो खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसला होता, आणि मिस टेसा मागून जाताना खुर्ची जरा हलली तेव्हा त्याने पाठ एकदम पुढे घेतली.

"मला कल्पना सुचली," मिस टेसा म्हणाली. "उद्याच्या आपल्या फीस्टला वेदांतच्या घरचे धम्मकलाडू सगळ्या वर्गाला! मी आत्ताच आईबाबांना मेसेज करते."

"नो, प्लीज," वेदांत म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "इट्स ओन्ली फॉर मी."

तोवर मेसेज गेला होता. शाळेच्या ॲपवरून, आई आणि बाबा दोघांनाही. त्या मेसेजचा अर्थ मिस टेसाला ठाऊक नव्हता, पण देवदत्तला तो वाचताक्षणी कळणार होता. पोरगं शाळेत बोललं, एवढंच त्यातून कळणार होतं. आणि आणखी थोड्या वेळाने शाळा सुटणार होती.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली. वेदांत बाकावर बसून राहिला. मी शेजारी बसले. चौकशी करायची नाही हा नियम मी विसरले नव्हते, पण मला कुणीतरी सांगायला हवं होतं की तसं काही नाही, नीलांबरी, तू उगाच घाबरतेस. मी मराठीत, अगदी गमतीच्या आवाजात विचारलं, "काय रे, किती लाडू मिळतात?"

"काकू, ते काऊंट नसतात," तो म्हणाला. "अंटिल बाबा इज फुल."

"आणि पोळी?"

"पोळी इज ईझी. नुसती गालावर. आई म्हणते, रडायचं नाही, आवाज बाहेर जातो. इथे पोलीस येतात."

मला पुढे विचारवेना. बरं, एवढं ऐकूनही माझं मन कशी पळवाट शोधत होतं बघा. पोरं वाढवून सांगतात. एखादवेळी दिली असेल एक. देवदत्तच्या ऑफिसात माणसं काढताहेत, व्हिसाचं टेन्शन आहे, डोकं फिरलं असेल. मी फोन केला तर काउंटीची माणसं दारात. पोरगं भलत्याच घरी, अनोळखी लोकांत. देवदत्तवर केस झाली तर व्हिसा जाईल, संसाराची वाट लागेल, आणि मंडळात कुणी मला दारात उभं करणार नाही. आपल्याच माणसाच्या घरावर हिने सरकार पाठवलं म्हणतील. मी घाबरले होते, सरळ सांगते.

तेवढ्यात रेणूचा फोन आला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "ताई, तुम्ही शाळेत आहात ना? टीचरला सांगा ना, तो रवालाडू म्हणाला म्हणून. ऐकायला चूक झाली म्हणा. यांनी मेसेज वाचलाय. हे मीटिंग सोडून निघालेत, आज पिकअपला आम्ही दोघं येतोय. ताई, प्लीज, रवालाडूच सांगा हं." मागून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी खरंच उठले होते. मिस टेसाला रवालाडू सांगायलाच. एका शब्दाची तर गोष्ट होती, तिला काय कळणार होतं? पण जाता जाता वेदांतच्या तोंडाकडे बघून मला भरून आलं. वाटलं, निदान याला काहीतरी गोड द्यावं. नट्सचा नियम गेला खड्ड्यात, याला काजू चालतात, आमच्याकडे किती वेळा खाल्लेत त्याने. मी पिशवीत हात घातला आणि म्हटलं, "थांब हं बाळा, तुला लाडू देते."

तो उठला. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दोन्ही हात बाकावर टेकले, वाकला आणि डोळे मिटून घेतले.

रडला नाही, काही विचारलं नाही. आपण ताट पुढे करतो तशी त्याने पाठ पुढे केली.

डबा माझ्या हातातून खाली पडला. मी त्याला उचलून पोटाशी धरलं. "नाही रे राजा, खायचा लाडू, खायचा," एवढंच मला म्हणता येत होतं. मग मी त्याला तसाच कडेवर घेऊन मिसेस हॅडलींच्या ऑफिसात गेले. सात वर्षांचं पोर, पण मला त्याचं वजनही जाणवलं नाही.

मिसेस हॅडलींना मी सांगितलं, "धम्मकलाडू म्हणजे मिठाई नव्हे. पाठीत मारलेला गुद्दा. चापटपोळी म्हणजे थोबाडीत. बोर्डाच्या मीटिंगमध्ये मी तुम्हाला म्हटलं होतं ना, मनावर घेऊ नका म्हणून? हे मनावर घ्या." त्यांनी काउंटीला फोन लावून तो माझ्यापुढे सरकवला. काउंटीच्या बाईंनी तो शब्द मला दोनदा उच्चारायला लावला. त्या म्हणाल्या, आम्ही निघतोय, मुलाला कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

शाळेच्या नर्सने त्याचा शर्ट वर करून पाठ बघितली आणि लगेच खाली केला. मी बघितली नाही. माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

बाहेर गाड्यांची रांग लागली. देवदत्तची गाडी आली, पुढे सरकली, पण वेदांत बाहेर गेला नाही. थोड्या वेळाने देवदत्त गाडीतून उतरून आत आला. ऑफिसच्या काचेपलीकडे उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा बॅज, आणि तेच मंडळातलं हसू. वेदांत माझ्या मागे सरकला आणि त्याने माझी ओढणी मुठीत धरली. मिसेस हॅडली शांतपणे देवदत्तला म्हणाल्या, काही गोष्टी बघायच्या आहेत, जरा थांबावं लागेल. तो हसून "शुअर, शुअर" म्हणाला. मग माझ्याकडे वळला आणि तसंच हसत, अगदी गोड आवाजात, मराठीत बोलला.

"ताई, पोराच्या बोलण्यावर जाऊ नका. आपल्या घरातलं आपण बघू ना. आणि रेणूने तुम्हाला फोन केलाय, ते मी बघितलंय. तिला आज घरी गेल्यावर पोटभर लाडू आहेत."

मिसेस हॅडलींना वाटलं, तो माझी विचारपूस करतोय. "काय म्हणतायत ते?" त्यांनी विचारलं.

हा माणूस माझं घर ओळखतो, ज्ञानदा कुठल्या बसने येते ते त्याला ठाऊक आहे. ते सगळं डोक्यात होतं आणि तरी मी इंग्रजीत शब्दाला शब्द सांगितलं. घरी गेल्यावर बायकोला मारणार आहे म्हणतोय. पोटभर. देवदत्तच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. त्याने काचेवर हाताचा पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मिसेस हॅडलींनी आतून कडी लावली आणि पुन्हा फोन उचलला. या वेळी पोलिसांना.

मिस टेसा माझा डबा घेऊन आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं, रडून तिचं नाक लाल झालं होतं. डब्यात दोन लाडू धड राहिले होते. मी एक वेदांतच्या हातावर ठेवला, या वेळी आधी दाखवला आणि मग दिला. त्याने वास घेतला, कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत चावला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले, "हा दुसरा आईला ठेवू या?"

त्याने जोरजोरात मान हलवली. "नको काकू," तो म्हणाला. "आईचे उरतच नाहीत. माझे संपले की तिचे सुरू होतात."

काचेतून बाहेर बघितलं. देवदत्त दारापाशीच उभा होता. त्याच्या मागे, रांगेतून बाजूला घेतलेल्या गाडीत रेणू बसली होती, काचा वर, हात मांडीवर, समोर बघत. मी मिसेस हॅडलींना म्हटलं, बाजूचं दार उघडा. देवदत्त उभा होता तिथून ते दार दिसत नव्हतं. मी ओढणी वेदांतच्या मुठीत तशीच सोडली आणि गाडीकडे चालायला लागले.