तिसऱ्यानंतर पाचवा

मास्तरांनी पाच नंबरचं बटण दाबलं, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेतून खाली रंगमंचाकडे पाहिलं. पापणी लवायच्या आत हॉस्पिटलच्या पॅसेजमधला पांढरा उजेड गेला होता आणि रिकाम्या नाट्यगृहात भर दुपारी गच्चीवरचं चांदणं पसरलं होतं.

“आता परत तीन,” बोर्ड विकायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला. मास्तरांनी तीन दाबलं. चांदणं गेलं, हॉस्पिटल आलं.

प्रकाशकक्षातल्या टेबलावर दिव्यांचे दोन नवे बोर्ड शेजारी शेजारी मांडले होते. पहिल्यावर एकच मोठं बटण. प्रत्येक प्रवेशाचा उजेड आधी ओळीने भरून ठेवायचा. बटण दाबलं की पुढचा प्रवेश उजळणार, क्रम मोडणार नाही. चुकायला जागाच नाही, असं कंपनीचा माणूस दोनदा म्हणाला होता. दुसऱ्यावर बटणांच्या रांगा होत्या, प्रत्येक प्रवेशाला एक, हवा तो हवा तेव्हा काढा. मॅनेजरसाहेबांचा जीव पहिल्यावर जडला होता. मास्तर मात्र दुसऱ्याला चिकटून बसले होते. कारण विचारलं तेव्हा, हाताला सवय आहे, एवढंच म्हणाले. म्हातारा नव्याला घाबरतो, असं साहेबांनी मनाशी धरलं, आणि मास्तरांनी ते धरू दिलं.

खरं कारण बाई होत्या. बाईंचं हे एकपात्री नाटक, नऊ प्रवेशांचं. सहा वर्षांपूर्वी बंद पडलेलं या वर्षी पुन्हा उभं राहिलं होतं. पहिले काही प्रयोग झक्क झाले. गेल्या तीन प्रयोगांत मात्र बाई तिसऱ्या प्रवेशात, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, मध्येच गप्प झाल्या आणि घराला कुलूप लावण्याचा चौथा प्रवेश सोडून थेट पाचव्यात गेल्या. मास्तरांनी जुन्या बोर्डावर दहाही बोटं पणाला लावून चांदणं आणलं आणि वेळ मारून नेली. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. साहेब तर, प्रयोग हल्ली वेळेवर संपतो, म्हणून खूश होते. पण जुन्या बोर्डावर या उडीला वीस-पंचवीस सेकंद लागायची. एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं असतं आणि बाईंच्या हातून नाटक गेलं असतं. साहेबांच्या डोक्यात एक तरुण नटी होतीच. बाईंनी शिकवलेलीच, म्हणून जास्त धोक्याची.

आता बटणं आली की कुणाची टाप नव्हती बाईंना हलवायची. त्या कुठेही उडी मारोत, चांदणं त्यांच्या आधी तिथे हजर. मास्तरांना या विचाराने फार बरं वाटत होतं. उभ्या जन्मात त्यांनी बाईंसाठी एवढं मोठं काही केलं नव्हतं, आणि हेही बाईंना कळणार नव्हतं.

खरी परीक्षा घेऊ या, असं कंपनीच्या माणसानेच सुचवलं. बाई चपला विंगेत काढून रंगमंचावर आल्या. मास्तरांची भाची व्यवस्था बघायची; ती संहिता मांडीवर घेऊन मामाशेजारी बसली. प्रयोगाला ती विंगेत सामान देण्यात गुंतलेली असे. नाटक असं ओळीला ओळ लावून बघायची वेळ तिच्यावर आजच आली. बाई पहिल्यापासून बोलू लागल्या. मास्तर एक, दोन, तीन असे पुढे सरकले. तिसऱ्यात बाई बाकावर बसल्या, डॉक्टर काय म्हणाले ते स्वतःलाच सांगू लागल्या आणि एका वाक्यानंतर गप्प झाल्या.

मास्तरांनी पाच दाबलं.

बाईंनी मान वर करून चांदण्याकडे पाहिलं. मग उठल्या, कठड्याला टेकवल्यासारखा हात पुढे ठेवला आणि गच्चीवरचं बोलू लागल्या. आवाजात ओरखडासुद्धा नव्हता.

“काय वेग आहे हो,” साहेब म्हणाले. मास्तर गालातल्या गालात हसले.

भाचीचं बोट अजून मागच्याच पानावर होतं. तिने मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं.

“मामा, तू घाई केलीस.”

“त्या पुढे गेल्या. म्हणून तर...”

“नाही. लाईट आधी बदलला. त्या थांबल्या होत्या, पण ते लिहिलेलंच आहे.” तिने पान त्यांच्यापुढे धरलं. “हे बघ. बराच वेळ शांतता.”

मास्तरांनी चष्मा खाली ओढला. ओळ होती. तिच्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, पांढरा हळूहळू निम्मा. अक्षर त्यांचंच होतं. ती शांतता जुन्या प्रयोगांच्या वेळी त्यांनीच उजेडात बसवली होती आणि आता ती त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. तिन्ही प्रयोग त्यांना एकदम आठवले. तिन्ही वेळा त्यांनी चांदणं आणलं होतं आणि बाई मुकाट त्या चांदण्यात चालत गेल्या होत्या. त्यांना भयंकर शरम वाटली.

बाई जिना चढून वर आल्या तेव्हा साहेब कागदावर सही करायच्या तयारीत होते.

“बटणांचाच घेऊ या. बाईंनी मागच्याच आठवड्यात दम भरलाय मला,” ते हसत म्हणाले. “मास्तरांना हवा तोच बोर्ड, आणि बोर्डावर मास्तरच. नाहीतर त्या प्रयोग करणार नाहीत.”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई पदराने कपाळ टिपत होत्या आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारख्या तिकडे बघत होत्या.

“एका बटणाचा घ्या,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी पेन थांबवलं. कंपनीच्या माणसाने लगबगीने दुसरा कागद काढला.

“आणि प्रयोगाला ही माझ्याशेजारी बसेल, संहिता घेऊन. विंगेत दुसरं कुणी बघा.” त्यांनी भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. “बटण तिने सांगितल्यावर दाबायचं. मला हल्ली विसरायला होतं.”

भाचीने संहिता नुसतीच चाळल्यासारखी केली. बाई मात्र खिडकीपासून वळल्या, तिच्यापुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

“ती वही रात्रीपुरती मला दे,” त्या म्हणाल्या. “चौथा प्रवेश पाठ करायला हवा. बऱ्याच दिवसांत म्हटला नाही.”