बारा ठोकळे आणि त्रेपन्न नावं

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकलीत, बरं वाटलं. आता झाकण उघडून पाहा. आत बारा लाकडी ठोकळे आहेत, बाराही वेगवेगळ्या आकारांचे. मी एक जुनी सागवानी पेटी आहे आणि खरं सांगते, मी फार थकले आहे. ओझं वाहून थकले असं समजू नका. बारा ठोकळ्यांचं वजन ते किती असणार! मी थकले ती मुलांना मोजून मोजून.

मला १९३४ साली मंगरूळपीरच्या जगदेव सुतारानं घडवलं, रंगराव मास्तरांच्या सांगण्यावरून. हे मास्तर वर्षभर अमरावतीला ट्रेनिंग घेऊन आले होते आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आले होते. शाळेत काही मुलं दोन-दोन, तीन-तीन वर्षं एकाच वर्गात बसलेली असायची. गुरुजी त्यांना छड्या मारायचे, घरचे त्यांना बैल म्हणायचे. त्या मुलांची अडचण नेमकी कुठे आहे, हे मात्र कोणी तपासून पाहत नसे. मास्तरांना ते तपासायचं होतं. त्याची रीत एका जाड पुस्तकात दिली होती आणि त्या रीतीला माझ्यासारखी पेटी लागत होती.

"मास्तर, बारा ठोकळे अन् एकबी दुसऱ्यासारखा नाई?" रंधा मारता मारता जगदेव कुरकुरला. "असं वाकडं काम आजवर कोनी करून घेतलं नाई माह्याकडून."

"पोरायची अक्कल मोजाची हाये, जगदेव."

"मंग पह्यले माहीच मोजा," असं म्हणून तो हसला. त्यानं काम मात्र असं चोख केलं की ठोकळ्यांवर हात फिरवला तर कुठे कुसळ लागत नसे.

मग सुरू झाली माझी वणवण. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरायचं, मिळेल त्या बैलगाडीत बसायचं, शाळेच्या पडवीत सतरंजी टाकायची. मागे राहिलेलं मूल समोर येऊन बसायचं. मास्तर आधी त्याला चित्रं दाखवायचे, काही प्रश्न विचारायचे आणि शेवटी मला त्याच्यापुढे रिकामी करायचे. खिशातलं घड्याळ हातात घेऊन म्हणायचे, "हे नीट लावून ठेव." बस, एवढंच. यापुढे एक शब्दही सांगायचा नाही, असा पुस्तकाचा नियम होता. मुलानं मोठ्या ठोकळ्यापासून लहानापर्यंत उतरती ओळ लावली तर गुण मिळत, नाही लावली तर शून्य. सगळं झालं की मास्तर कागदावर तीनपैकी एक शब्द लिहायचे: हुशार, मध्यम किंवा मंद.

एकदा शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी माझ्या झाकणावर टिचकी मारली आणि असं काम साऱ्या वऱ्हाडात व्हायला हवं म्हणाले. मास्तर त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

पण सात वर्षांत माझा उत्साह पार आटला. मुलं माझ्याकडे खेळणं म्हणून बघत येत आणि जाताना पाठ वळवून जात. त्यात शाळांनी एक वाईट रीत पाडली होती. हेडमास्तर तो कागद मुलासमोर आणि त्याच्या आईबापासमोर मोठ्यानं वाचून दाखवत. ज्यांना मंद म्हटलं त्यांची नावं हळूहळू पटावरून निघून जात. मास्तरांनी मला मुलांना मदत व्हावी म्हणून घडवून घेतलं होतं, आणि माझा उपयोग होऊ लागला त्यांना घरी धाडायला. मास्तरांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण दर वेळी ते पुस्तक उघडत, गुणांची बेरीज पुन्हा करून पाहत आणि बेरीज बरोबर निघे.

१९४१ साली मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत प्रयाग माझ्यासमोर येऊन बसली. नऊ वर्षांची पोर. गावाबाहेर तिच्या घरच्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. पहिलीत तिसरं वर्ष चाललं होतं, तरी तिला पुस्तकातली एक ओळ धड वाचता येत नव्हती.

"हे नीट लावून ठेव," मास्तर म्हणाले.

तिनं एकेक ठोकळा उचलला, तळहातावर झेलला, दुसऱ्या हातात दुसरा घेतला. घड्याळ टिकटिकत होतं, तिला त्याची पर्वा नव्हती. एक मोठा, एक बारका, एक मधला, असं करत तिनं तीन-तीन ठोकळ्यांचे चार ढीग घातले. मग एका ढिगातला उचलून दुसऱ्यात टाकला, तिकडचा इकडे आणला. वेळ संपली तेव्हा मास्तरांपुढे ओळ नव्हती, चार वेडेवाकडे ढीग होते. त्यांनी शून्य लिहिलं. मित्रांनो, मी त्या ठोकळ्यांची पेटी. कोणत्या ठोकळ्याचं वजन किती, हे मला नाही कळणार तर कोणाला? ते चारही ढीग वजनाला सारखे होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

हेडमास्तर पंजाबरावांनी कागद वाचला. प्रयागची आई सोजरबाई दाराशी उभी होती.

"मंद. म्हंजे कसं, मास्तर?" तिनं विचारलं.

"डोकं चालत नाई पोरीचं," पंजाबराव म्हणाले. "तिची जागा दुसऱ्या पोरीले देतो आता."

"घरी त सारं करते ना जी ते."

प्रयागनं आईचा पदर धरला आणि दोघी गेल्या.

तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी मास्तर दौऱ्यावरून परतत होते. मी त्यांच्या काखेत होते. दर्ग्याच्या वाटेवर भाजीवाल्या बसल्या होत्या. तिथे सोजरबाई आणि प्रयाग दिसल्या. सोजरबाई वांगी तोलून विकत नव्हती, वाटे घालून विकत होती. एक वाटा म्हणजे एक ढीग, आणि प्रत्येक ढिगाची किंमत एकच. समोरच्या पोत्यावर प्रयाग एकेक वांगं तळहातावर झेलत होती. एक मोठं, एक बारकं, दोन मधली. मग इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

मास्तर जागच्या जागी थांबले.

"वाटे हे पोरगीच घालते," सोजरबाई म्हणाली. "म्या घातले त गिराईक निवडत बसते. हिचा कोनताबी उचला, सारखाच भरते."

मास्तरांनी शेजारच्या मिरचीवाल्याचा तराजू मागून घेतला आणि दोन वाटे दोन पारड्यांत टाकले. दांडी आडवी राहिली. मग त्यांनी घाईघाईनं मला उघडलं आणि ठोकळे पोत्यावर ओतले. प्रयाग मागे सरली.

"लाव पोरी, नीट लाव."

"तवा त तुमाले पटलं नाई."

"आता पाहतो मी नीट."

तिनं आईकडे पाहिलं आणि पुन्हा तेच चार ढीग घातले. मास्तरांनी एकेक ढीग तराजूत टाकून पाहिला. मिरचीच्या देठाएवढासुद्धा फरक निघाला नाही.

"हे त्या दिवशी काहून नाई सांगतलं मले?"

"सांगनार होती. तुमी घड्याय बंद केलं."

मग तिथेच, बाजाराच्या गलक्यात, मास्तरांनी तिला पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो सात वर्षांत एकाही मुलाला विचारला नव्हता. वाचताना काय होतं?

"अक्षर एकलं असलं त वयखू येते मले," ती म्हणाली. "लाइनीत आले का मिसयतात सारे."

मास्तरांनी दुसरा कागद लिहिला. मुलगी हुशार आहे, अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत, तिला तोंडी शिकवावं आणि एकेक अक्षर सुटं करून दाखवावं. पंजाबरावांनी तो कागद हातात धरला आणि ते म्हणाले, "एका पोरीचे दोन कागद? यातला खोटा कोनता?"

"पह्यला."

"मंग तसं लिहून द्या. पन रंगराव, इचार करा. बाकीचे कागदबी तुमच्याच हातचे हायेत. हा खोटा म्हनलं, त लोक तेबी खोटेच म्हनतीन."

मास्तरांच्या गाठीला सात वर्षांची मेहनत होती, डिप्टीसाहेबांची शाबासकी होती. शेवटी त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, "आधीचा निकाल चुकीचा आहे. चूक मुलीची नसून माझी आहे." त्या वेळी मला त्यांचा फार अभिमान वाटला. प्रयागचं नाव पुन्हा पटावर चढलं. एक मैत्रीण तिला धडा वाचून दाखवायची आणि ती तो ऐकून पाठ करायची. वाचन हळूहळू येत गेलं, पण आलं.

इथे गोष्ट संपली असती तर मीही सुखानं माळ्यावर झोपले असते. पण मास्तरांनी आपली जुनी वही काढली. मंद म्हणून लिहिलेली त्रेपन्न नावं होती. त्यांनी ती सगळी पुन्हा तपासायची परवानगी मागितली. वरून उत्तर आलं की ज्याला स्वतःच्या पेटीचा भरवसा नाही त्यानं हे काम थांबवावं. मग मास्तर रविवारी, पदरमोड करून निघू लागले. मी बरोबर होतेच. तोवर फार उशीर झाला होता. कोणी गिरणीत कामाला गेलं होतं, कोणी सासरी, दोघं तापानं गेली होती. जी भेटली त्यांतली बरीच माझ्यापुढे बसलीच नाहीत.

१९४३ च्या उन्हाळ्यात आम्ही किन्हीराजाला गेलो. तिथला उकंड दहाव्या वर्षी माझ्यापुढे बसला होता, आता सतरा वर्षांचा झाला होता. नाल्यापलीकडच्या शेतात त्यानं एकट्यानं रचलेली कडब्याची गंजी होती, चारी बाजूंनी अशी सरळ की मास्तर तिच्याकडे पाहतच राहिले.

"उकंड, येकडाव बस. मांगं माही चूक झाली होती."

"नाई मास्तर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. आपल्या गावाचं नाव सांगावं तसं तो सांगत होता. "मी मंद हावो. तुमीच त लिहून देल्लं होतं."

"ते चुकीचं होतं रे."

"तुमी शिकलेले मानसं. तुमचं कायले चुकीन?"

मास्तरांनी मला उघडून त्याच्यापुढे ठेवलं. उकंडनं हात पाठीमागे घेतले. एकाही ठोकळ्याला तो शिवला नाही. थोड्या वेळानं त्यानं वाकून माझं झाकण अलगद लावलं, मास्तरांना तांब्याभर पाणी दिलं आणि मला खांद्यावर घेऊन नाला ओलांडून रस्त्यापर्यंत आणून सोडलं. "एवढं जमते मले," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत मास्तर माझ्यावर हात ठेवून रडले. त्यानंतर ते कुठे गेले नाहीत.

मित्रांनो, आता तुम्ही मला उघडलंच आहे, तर या म्हातारीचं एवढं ऐका. तुमच्या वर्गात मागे राहिलेलं कोणी असेल, तर त्याला ढ म्हणून हाक मारू नका. मोठ्या माणसांनी मारली तरी तुम्ही मारू नका. त्याच्याजवळ बसा, वाचताना त्याला काय होतं ते विचारा आणि त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. हे लवकर करा. उकंडकडे आम्ही सात वर्षांनी गेलो, आणि तोवर त्यानं आमचं म्हणणं खरं मानलं होतं.