अर्धा भरलेला फॉर्म

त्या दुपारी धाकटीला जेवायचासुद्धा कंटाळा आला होता. तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच. अठरा वर्षं मोबाइलची ॲप बनवून बनवून आता स्वतःचा फोन वाजला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. पण हा फोन ताईचा होता, आणि ताई कामाच्या वेळात कधी फोन करत नसे.

"पाच वाजता राजीनामा देतेय," ताई म्हणाली. "तुझ्या कानावर घालावं म्हटलं. समजूत घालत बसू नकोस."

ताई नर्स. घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं, हे काम ती एकाच संस्थेत एकोणतीस वर्षं करत होती. प्रत्येक रुग्णाकडे काय केलं त्याचा फॉर्म फोनवर भरावा लागे. ते ॲप धाकटीनेच बनवलेलं. 'माझ्या बहिणीनं केलंय हो,' असं ताई रुग्णांना न विचारता सांगायची.

"अगं पण झालं काय?"

"दोन महिन्यांत माझे सोळा फॉर्म कोरे निघाले. मी गेले होते, ड्रेसिंग केलं होतं, फॉर्म भरल्याचं मला लख्ख आठवतंय. आणि तिथे काही नाहीच. मेट्रनबाई म्हणाल्या, एकदा समजू शकते, दोनदा समजू शकते, पण सोळा वेळा?" ताई पुढे म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं ना गं? जेवले म्हणून सांगायची, आणि ताट झाकलेलं तसंच."

"तू दमली आहेस. चांगल्या डॉक्टरांना दाखवू आपण."

"दाखवू. पण तोवर कुणाला इंजेक्शन दोनदा दिलं तर? नको बाई. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला."

फोन बंद झाला. सगळे जे बोलतात तेच आपण बोललो, हे धाकटीच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचा राग आला. आई गेली तेव्हा दोघींनी एकमेकींना कधी न विचारलेला एकच प्रश्न होता, की आता आपल्यातली पहिली कोण? ताईने त्याचं उत्तर परस्पर देऊन टाकलं होतं.

तिने ताईच्या सोळा भेटींच्या वेळी ॲपने आपोआप ठेवलेल्या नोंदी उघडल्या. ॲपवर तिचा तिळमात्र संशय नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा घालण्यात अर्धा तास गेला. नेटवर्क बघितलं, ताईचा फोन किती जुना आहे ते बघितलं. मग एका ओळीपाशी ती थबकली. फॉर्म उघडल्याची वेळ होती. नऊ मिनिटं तो भरला जात होता. आणि मग एका सेकंदाला सगळं तुटलं होतं, नेमक्या त्या सेकंदाला ताईने ॲपवरच आलेला दुसऱ्या रुग्णाचा निरोप उघडला होता. तिने दुसरी नोंद बघितली, तिसरी बघितली. सोळाच्या सोळा तशाच.

मग तिला सगळं कळलं, आणि कळलं ते फार साधं होतं.

ॲपमधल्या स्क्रीन ताटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. खाली रुग्णांची यादी, तिच्यावर एक रुग्ण, त्याच्यावर त्याचा फॉर्म. मागे जायचं बटण दाबलं की वरचं ताट निघतं. पूर्वी प्रत्येक निरोप उघडला की यादीचं आणखी एक ताट वर चढायचं, आणि बाहेर पडायला नर्सना ते बटण आठ-आठ वेळा दाबावं लागायचं. तक्रारींनी नाकी नऊ आणले होते. दहा आठवड्यांपूर्वी, एका रटाळ शुक्रवारी, धाकटीने त्यावर उपाय केला. यादीच्या नावापुढे एक शब्द बदलला. त्याचा अर्थ एवढाच, की यादी एकच असेल. निरोपाने यादी मागितली तर नवी बनवायची नाही, खाली असलेल्या जुन्या यादीवरच परत जायचं. आणि तिच्यावर जे काही रचलेलं असेल ते फेकून द्यायचं.

हा नियम तिला नव्याने कळला होता असं नाही. नव्या मुलांना ती तो स्वतः शिकवायची. पण त्या शुक्रवारी तिच्या डोळ्यांसमोर फक्त ते बटण होतं. यादीच्या वर कुणाचा तरी अर्धा भरलेला फॉर्म असेल, हे मनात आलंच नाही.

आणि ताईला ते कळावं तरी कसं? फॉर्म नीट जमा झाला की ॲप यादीवरच येतं. निरोप उघडला तरी यादीच. मधेच 'सिस्टर, कधी येताय?' असा निरोप यायचा, ताई लगेच उघडून 'निघालेच' लिहायची, समोर यादी दिसायची. झालं वाटतं जमा, म्हणून ती पिशवी उचलून पुढच्या घरी निघायची. फॉर्म जमा झाल्याची हिरवी खूण तशीही उशिराच उमटायची.

तिने सगळ्या नर्सचे कोरे फॉर्म मोजले. सर्वांत वर ताई. तिच्याखाली आणखी तिघी, सगळ्या जुन्या, सगळ्या निरोपाला मिनिटाच्या आत उत्तर देणाऱ्या. ज्या रुग्णाला अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवायच्या, त्यांचा एकही फॉर्म हरवला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट सापडली, ती सापडली नसती तर बरं झालं असतं. सात आठवड्यांपूर्वी त्या तिघींपैकी एकीने लिहिलं होतं, 'भरलेला फॉर्म गायब होतो.' धाकटीने दोनदा फॉर्म भरून पाहिला होता, निरोप न उघडता. तो गायब झाला नाही. मग तिने तक्रारीखाली शेरा मारला होता, 'वापरणाऱ्याची चूक', आणि घरी निघून गेली होती. तेव्हाही ती दमलेलीच होती. तो शेरा वाचून तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्या वरिष्ठाला सगळे मागून 'कालपर्यंत' म्हणत, कारण त्याला प्रत्येक काम कालपर्यंत हवं असे. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"दुरुस्त कर आणि आजच टाक. सोबत लिही, किरकोळ सुधारणा."

"आणि ज्यांना विसराळू ठरवलं त्यांचं काय?"

"ते आपण थोडंच ठरवलं? हे बघ, लेखी काही देऊ नकोस. कशाला आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतेस?"

खरं सांगायचं तर ती मान डोलावणारच होती. ताईला फोनवर हळूच सांगितलं असतं तरी भागलं असतं, असं तिला वाटलंही. पण मेट्रनबाईंनी ताईच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? 'बहिणीचं ॲप, बहिणीची साक्ष,' असंच त्या म्हणाल्या असत्या. आणि उरलेल्या तिघींना कोण फोन करणार होतं?

तिने तो शब्द बदलला. प्रत्येक ओळ लिहिताक्षणी जपून ठेवली जाईल अशी सोयही केली. दोन्ही मिळून पाऊण तासाचं काम होतं. मग तिने मेट्रनबाईंना पत्र लिहिलं. चौघींचे सगळे कोरे फॉर्म, त्यांच्या वेळा, तो शब्द आणि तो शेरा, सगळं त्यात घातलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद छापून घेतले. कालपर्यंतने तिला छपाईयंत्रापाशी पाहिलं. तो वळून आपल्या जागेवर गेला.

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर मेट्रनबाईंच्या दाराबाहेर ताई बाकावर बसली होती. गणवेश कडक इस्त्रीचा, मांडीवर राजीनाम्याचं पाकीट. पाचला दहा मिनिटं होती.

"तू कशाला आलीस? सांगितलं होतं ना, समजूत घालायची नाही म्हणून."

"समजूत नाही घालत. ताई, तू विसरली नाहीस. फॉर्म तू भरले होतेस. माझ्या ॲपनं फेकले."

धाकटीने तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेऱ्याचंही सांगितलं. ताईने कागद घेतले आणि बोट ठेवून एकेक वेळ वाचली.

"हे बारा तारखेचं. मधुमेहवाल्या आजोबांचं. टाच धुतली होती मी त्यांची."

"हो."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"काही नाही."

ताई रडेल, नाहीतर आपल्याला फाडून खाईल, असं धाकटीला वाटलं होतं. ताईने पाकीट तेवढं पर्समध्ये टाकलं.

"लेकीला मुलगा झाला, तो सात महिन्यांचा झाला परवा," ती म्हणाली. "दोन महिने मी त्याला हातात घेतलेलं नाही. लेक रोज बोलावते, मी रोज कामाचं निमित्त काढते. म्हटलं, कुठे ठेवलं आणि विसरले तर? पाण्याच्या टबात, गच्चीवर, कुठेही."

धाकटीने ताईचा हात धरला. ताईने तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

"आता बसायला लागलाय म्हणे."

आतून मेट्रनबाईंनी हाक मारली. ताई उठली, गणवेशाच्या चुण्या सारख्या केल्या आणि कागद परत धाकटीच्या हातात दिले.

"तू जा आत. तुझं तू सांग. मी लेकीकडे जाते."

दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"परक्या माणसाकडे जात नाही तो हल्ली, रडतो," ती म्हणाली. "मला आता विसरला असेल गं."